मुरायला ठेवलंय

मंडईत ईडलिंबू मागितलं तर
बाईने आधी माझ्याकडे नीट पाहिलं.
"कुणाला पित्त झालंय?"
कुणाला नाही, म्हटलं, एक पातळ चटणीसारखं करायचंय,
जपानी.
तिने गोणपाटाखालून तीन काढली,
खरबरीत, पुरळ उठल्यासारखी.
"ही कुणी नेत नाही," म्हणाली,
भाव मात्र नेणाऱ्यांचा लावला.

युझु इथे मिळत नाही.
अठ्ठावीस वर्षं चाकणला दुभाष्याचं काम केलं,
त्यामुळे सवय आहे:
जो शब्द नाही, त्याच्या शेजारचा उचलायचा
आणि चेहरा सरळ ठेवायचा.

ईडलिंबाचा रस पाऊण वाटी.
तो फारच कडक निघाला, म्हणून एक मोसंबं.
सोया सॉस वाटीभर, कॅम्पातून आणलेला.
तांदळाचा व्हिनेगर, दोन चमचे.
मिरिन नव्हती.
गुळाचं पाणी चालेल का,
हे विचारायला आता कुणी नाही.
घातलं.

कोम्बू मात्र अस्सल.
कुवाबारासान औंधचा फ्लॅट रिकामा करत होते तेव्हा
भाताचा कुकर वॉचमनला दिला,
छत्र्या समोरच्यांना,
आणि मला हे अर्धं पाकीट, रबरबँड लावलेलं.
काळ्या पट्ट्या, त्यावर पांढरी बुकणी.
"पुसा. धुऊ नका."
एवढंच बोलले.
हे वाक्य मला कुणासाठी मराठीत आणावं लागलं नाही.

माशाचे ते पापुद्रे काढले तेव्हा
वरचे पेडणेकर वासावर खाली आले.
"हा तर कुपा! वाळवून धुरी दिलेला."
चिमूटभर जिभेवर ठेवून
बराच वेळ गप्प उभे राहिले, दारातच,
मग पाण्याची टाकी भरली का ते विचारून गेले.

सगळं बरणीत. झाकण. फ्रिज.
आठ दिवस.

लाइन बंद झाली त्या दिवशी
शेडमध्ये दीडशे माणसं उभी होती, हजेरीला असतात तशी.
कुवाबारासान एकच वाक्य बोलले:
चूक माझी आहे.
मी माइक तोंडाजवळ घेऊन म्हणालो,
"व्यवस्थापनाला परिस्थितीची पूर्ण जाणीव आहे."
मागे जगदाळे नावाचा फिटर हसला.
कुवाबारासाननी ते हसू पाहिलं,
मग मला पाहिलं,
आणि वाकले.
कमरेतून, हात मांड्यांना चिकटवून,
पंखे फिरत होते तेवढा वेळ.
ते सगळ्यांना कळलं.
तिथे मधे मी नव्हतो.

रात्री झोप येईना म्हणून कोश काढला.
पोन्झु. झु म्हणजे आंबट, शिरका.
पोन हे डचांचं, एका पेयाचं नाव,
त्यांनी ते इंग्रजांकडून उचललेलं,
आणि इंग्रजांनी, म्हणे, इकडून:
पाच.
पाच जिन्नस, म्हणून पाच.
खरंखोटं कोशकार जाणोत.
एवढा समुद्र हिंडून शब्द माझ्या ओट्यावर आला
आणि ओळख दाखवीना.
मी बरणीतले जिन्नस मोजले. सात भरले.
गूळ बहुधा धरायचा नाही.

आठव्या दिवशी मलमलीतून गाळलं.
गडद, चहाच्या चोथ्याच्या रंगाचं.
बुडवायला टोफू आणायचा राहिला,
घरात अळूवड्या होत्या.
शर्वाणी ऑफिसातून आली ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून
उभ्याउभ्या एक बुडवून खाल्ली,
डोळे गच्च मिटले.
"बाबा, केवढं आंबट!"

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

साध्या मराठीत. जसंच्या तसं.
ती थोडी चमकली,
चटणीवरून एवढं काय, म्हणाली,
आणि दुसरी वडी बुडवली.